‘न्यू’ मागचा माणूस : क्रिस्टन निगार्ड

प्रॅक्टिकलला आपण जावात ‘न्यू’ हा शब्द सतत टाइप करतो. पण त्याच्या मागे कोण आहे, हे व्हायवालासुद्धा कोणी विचारत नाही!

क्रिस्टन निगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ ला नॉर्वेतल्या ऑस्लोचा. गणित शिकून ते आधी संरक्षण संशोधनात होते. १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरला आले. जिथे रांगा लागतात अशा कामांचं सिम्युलेशन त्यांना करायचं होतं. अडचण ही, की रांगेत किती जण येतील हे प्रोग्रॅम लिहिताना माहीत नसतं. म्हणून क्लास एकदाच लिहायचा आणि प्रोग्रॅम चालू असताना लागेल तेव्हा त्यातून नवा ऑब्जेक्ट काढायचा. ओले-योहान डाल यांच्यासोबत केलेल्या ‘सिम्युला ६७’ मध्ये हे आलं. पुढे स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, जावा याच वाटेनं गेल्या.

तिवस्याला आमच्या काकांचं कृषी केंद्र आहे. त्यांनी विकत घेतलेल्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये पाचच ओळी होत्या. सहावी वस्तू आली की दुसरं बिल! मी स्विंगमध्ये नवीन फॉर्म केला. बटण दाबलं की नवे टेक्स्टफील्ड तयार होतात, पॅनलमध्ये ॲड होतात आणि रीव्हॅलिडेट केलं की स्क्रीनवर दिसतात. कोणी एक बियाण्याची पिशवी नेवो की खत-औषध धरून नऊ वस्तू, बिल एकच.

पण निगार्ड इथेच थांबले नाहीत, हे मला जास्त मोठं वाटतं. सत्तरच्या दशकात ते लोखंड व धातू कामगारांच्या युनियनसोबत काम करू लागले. कारखान्यात कम्प्युटर येणार, तर तो कसा असावा हे ठरवताना कामगारालाही विचारलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. हे वाचल्यावर मी काकांना विचारलं, अजून काय पाहिजे? ते लगेच बोलले, उधारीचा रकाना. कापूस निघाल्यावर पैसे देणारं गिऱ्हाईक कोणत्याच पुस्तकातल्या फॉर्ममध्ये नव्हतं.

निगार्ड आणि डाल यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २९ जून २००२ ला डाल गेले आणि सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, निगार्डही. ‘न्यू’ लिहायला तर आपण सगळेच शिकतो. ज्याच्यासाठी लिहितो त्याला आधी विचारायचं, हेही त्यांच्याकडूनच शिकू या.