ले. जन. प्रेमिंद्र सिंग भगत : सुरुंगांच्या वाटेपासून नियंत्रण रेषेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी म्हणून लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत यांचे नाव लष्करी इतिहासात नोंदले गेले आहे. सेनापतीपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

भगत यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजी गोरखपूर येथे झाला. डेहराडून येथील लष्करी महाविद्यालयात शालेय शिक्षण आणि तेथीलच भारतीय लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षण पूर्ण करून ते १९३९ मध्ये अधिकारी झाले. पुण्याजवळच्या खडकी येथे केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या अभियंता दलात त्यांची नियुक्ती झाली.

महायुद्ध सुरू झाल्यानंतर त्यांची तुकडी पूर्व आफ्रिकेत पाठवण्यात आली. जानेवारी १९४१ च्या अखेरीस अबिसीनियातील मेटेम्मा हे ठाणे सोडून इटालियन सैन्य माघार घेऊ लागले. जाताना त्याने रस्त्यावर व दुतर्फा सुरुंग पेरले होते. पाठलाग करणाऱ्या फौजेला वाट मोकळी करून देण्याचे काम बावीस वर्षांच्या भगत यांच्याकडे आले. सर्वांत पुढच्या ब्रेन कॅरियर गाडीत बसून त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांचा रस्ता पार केला आणि १५ सुरुंगक्षेत्रे स्वतः शोधून निकामी करवून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली व सोबतचे जवान बळी पडले. एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. स्फोटाने कानाचा पडदा फाटला. थकव्याने शरीर गळून गेले असताना वरिष्ठांनी दुसरा अधिकारी पाठवण्याची तयारी दाखवली. तेव्हा आता या कामाची आपल्याला अधिक माहिती झाली आहे, या कारणास्तव त्यांनी ती नाकारली. एका क्षणाच्या आवेशात केलेले धाडस आणि सलग ९६ तास मृत्यूच्या सान्निध्यात शांतपणे केलेले काम यांत मोठा फरक आहे. जून १९४१ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

स्वातंत्र्यानंतर लष्करी गुप्तवार्ता संचालकपदासह अनेक जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स यांच्यावर सोपवण्यात आली, तेव्हा त्यांचे सहकारी म्हणून ब्रिगेडियर भगत यांची निवड झाली. ते त्या वेळी लष्करी प्रबोधिनीचे प्रमुख होते. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वव्यवस्था अशा ठरावीक मुद्द्यांपुरतीच चौकशीची मर्यादा आखलेली होती. १९६३ मध्ये अहवाल सादर झाला आणि तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्याविषयी लोकसभेत निवेदन केले. मूळ अहवाल मात्र गोपनीय ठेवण्यात आला. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातील काही भाग इंटरनेटवर प्रसिद्ध केला.

१९७० मध्ये भगत लखनौस्थित मध्य विभागाचे प्रमुख झाले. १९७२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या उत्तर विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. सिमला करारानंतर जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषा नकाशावर निश्चित करण्यासाठी भारताच्या वतीने त्यांनी, तर पाकिस्तानच्या वतीने लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी बोलणी केली. ठाको चक या लहानशा गावावरून ही बोलणी अडली व प्रश्न दोन्ही देशांच्या लष्करप्रमुखांपर्यंत गेला. अखेर ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगढ येथे नकाशांवर स्वाक्षऱ्या झाल्या.

लष्करप्रमुख जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांच्यानंतर भगत यांचे नाव घेतले जात होते. परंतु १९७४ मध्ये सरकारने बेवूर यांना एक वर्षाची मुदतवाढ दिली आणि त्या अवधीत भगत यांचे निवृत्तीचे वय झाले. या निर्णयाची त्या काळी बरीच चर्चा झाली. निवृत्तीनंतर त्यांनी दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले व वीजनिर्मितीच्या कामाला वेग दिला. वर्ष पुरे होण्याआधीच, २३ मे १९७५ रोजी, तीव्र ॲलर्जीच्या धक्क्याने कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले. जनरल बेवूर त्यानंतर आठ दिवसांनी, ३१ मे रोजी निवृत्त झाले.