आधी गाव झाडायचं, मग भाकरी मागायची; गाडगेबाबांनी ५० वर्षं प्रवास केला तो असा

रावणवाडीचा तलाव, चांदपूरचा जलाशय, कोका अभयारण्य, नाहीतर पवनीच्या पुढे गोसेखुर्द धरण. भंडाऱ्यात रविवारी फिरायला जायला जागांची कमी नाही. पण संध्याकाळी गाड्या परतल्या की काठावर काय उरतं? पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, प्लास्टिकचे ग्लास आणि उष्ट्या पत्रावळी.

मग कुणीतरी रील टाकतं, रिस्पॉन्सिबल टुरिझम शिका म्हणून. शब्द नवा वाटतो, कल्पना बाहेरची वाटते. पण आपल्याच विदर्भातला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी नेमकं हेच करत गावोगाव फिरत होता. त्याचं नाव गाडगेबाबा.

त्यांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परीट समाजाचं. वडील दारूच्या नादानं लवकर गेले, आणि पोरगा आईसोबत मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे आला. तिथंच त्यानं गुरं राखली, शेती केली. पुढे लग्न झालं, मुलं झाली. शाळा मात्र कधी झाली नाही.

१९०५ साली ऐन तिशीच्या उंबरठ्यावर डेबूजींनी घर सोडलं आणि शेवटपर्यंत ते फिरतच राहिले.

सामान किती? एक गाडगं, एक खराटा

अंगावर चिंध्या जोडून केलेला वेष, हातात खराटा आणि सोबत मातीचं फुटकं गाडगं. ऊन लागलं की तेच गाडगं डोक्यावर टोपी म्हणून, भूक लागली की तेच ताट म्हणून. यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आज ज्याला आपण झिरो वेस्ट म्हणतो, ते याच्यापेक्षा वेगळं काय असतं?

गावात शिरण्याची त्यांची पद्धतही ठरलेली होती. पाहुणा म्हणून ओट्यावर बसायचं नाही. आधी खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचे, तुंबलेल्या नाल्या मोकळ्या करायच्या. काम झालं की मग भाकरी मागायची. फुकट खायचं नाही आणि कुणाला पायाही पडू द्यायचं नाही.

संध्याकाळी कीर्तन. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, देवापुढे मुकं जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांचे विषय. कीर्तन संपलं की बाबा पुढच्या गावाला. गावावर त्यांच्या मुक्कामाचा भार पडायचा नाही, उलट गाव आधीपेक्षा स्वच्छ झालेलं असायचं.

देवाच्या गावी जाऊन काय केलं?

त्या काळात सामान्य माणूस फिरायला जायचा तो यात्रेलाच. हजारो माणसं एका छोट्या गावात उतरायची. तिथली घाण आणि तिथले हाल बाबांनी जवळून पाहिले होते.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत लोकांना चिखल तुडवत पाण्यापर्यंत जावं लागायचं. बाबांनी लोकांकडून मदत जमवून १९०८ साली तिथं घाट बांधला. पंढरीच्या वारीत ते चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन घाण काढायचे.

पंढरपुरात आणखी एक प्रश्न होता. जे वारकरी अस्पृश्य मानले जात, त्यांना मुक्कामाला जागाच मिळत नसे. बाबांनी १९१७ साली त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. ही वास्तू पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

नाशिक, देहू, आळंदी इथंही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत उपचाराला येणाऱ्या गरिबांचे नातेवाईक फुटपाथवर झोपायचे, म्हणून १९५४ साली जे. जे. हॉस्पिटलजवळ त्यांच्यासाठी धर्मशाळा झाली. या सगळ्यावर लाखो रुपये खर्च झाले. पैसे लोकांनी दिले, बाबांनी त्यातला एक पैसाही स्वतःला किंवा घरच्यांना लागू दिला नाही. स्वतः ते झाडाखालीच झोपत राहिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचं निधन झालं. म्हणजे शेवटचा श्वासही प्रवासातच.

पुढे २०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि गावागावात झाडू फिरले. गावांनी आपलं अंगण झाडायला घेतलं. पण बाबा झाडायचे ते परक्याचं गाव, आणि हा अर्धा भाग आपण सोयीनं विसरलो.

आपल्या घरासमोर कुणी कचरा टाकला तर आपण भांडतो. दुसऱ्याच्या गावात गेलो की मात्र तीस रुपयांचं पार्किंग भरलं म्हणजे घाण करायचा परवाना मिळाला असं वागतो. तो कचरा नंतर उचलतं कोण? तिथलीच बाई, तिथलाच वनमजूर. नाहीच कुणी उचलला तर तो तलावात जातो किंवा जनावराच्या पोटात.

आपल्याला सगळं गाव झाडायची गरज नाही. कोक्याच्या जंगलात जाताना प्लास्टिक घरी ठेवा, महाशिवरात्रीला गायमुखच्या जत्रेत जाल तेव्हा घरचा डबा आणि तांब्या सोबत न्या, जेवण गावातल्याच बाईच्या हातचं घ्या आणि पैसे देताना घासाघीस करू नका. निघताना आपला कचरा पिशवीत भरून परत आणा. आणि शेजारी पडलेली एखादी बाटली आपली नसली, तरी तीही त्याच पिशवीत टाका.