कापरेकर गुरुजी

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुढे ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. म्हणून कित्येक विद्वानांनी त्यांचे संशोधन पोरखेळ ठरविले. गुरुजी मात्र संख्यांतच रमत. ४५ चा वर्ग २०२५. २० व २५ मिळून पुन्हा ४५! १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ हे भाग मिळविले, की हीदेखील मूळ संख्याच हाती येते. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या कार्यावर लेख लिहिला, तेव्हा कोठे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या वेळी गुरुजी सत्तर वर्षांचे होते.