थोरांची ओळख : आंद्रिया मोहोरोविचिच



मागच्या उन्हाळ्यात आमच्या वावरात विहीर खोदली. आधी काळी माती लागली, मग मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग उडाला की घरी मांडणीवरची भांडी खणखणत. ४५ फुटांवर पाणी लागले. याच्याही खाली काय असेल, असे मी आबांना विचारले. खाली गेल्याबिगर ते कोणाला कळणार, असे आबा म्हणाले. पण खाली न जाता ते ओळखणारा एक माणूस होऊन गेला. त्याची माहिती गुरुजींनी सांगितली, ती मी येथे लिहीत आहे.

आंद्रिया मोहोरोविचिच यांचा जन्म २३ जानेवारी १८५७ रोजी युरोपातील क्रोएशियात, समुद्रकाठच्या व्होलोस्को गावी झाला. वडील लोहार होते. ते नांगर घडवत. शेतातला नांगर नव्हे, तर जहाज थांबवायचा लोखंडी नांगर. आंद्रिया तान्हा असतानाच आई वारली. पण पोरगा अभ्यासात फार हुशार. पंधराव्या वर्षी त्याला तीन परक्या भाषा येत होत्या. पुढे प्राग येथे शिकून ते शिक्षक झाले. १८८२ पासून त्यांनी बाकर गावच्या नाविक शाळेत मुलांना शिकवले. १८९२ मध्ये ते झाग्रेब शहरातील वेधशाळेचे प्रमुख झाले.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळ भूकंप झाला. सुरुंगाचा हादरा जसा आमच्या घरापर्यंत आला, तशा भूकंपाच्या लहरी जमिनीतून दूरवर जातात. मोहोरोविचिच यांनी ठिकठिकाणच्या वेधशाळांकडून त्यांच्या नोंदी मागवल्या. एकाच धक्क्याच्या लहरी काही ठिकाणी दोनदा पोचल्या होत्या. लांबच्या ठिकाणी तर खोलवरून फेरा घालून आलेल्या लहरीच आधी पोचल्या. असे काहून झाले असेल?

समजा, दोघे जण मेहकरला निघाले. एक जण वावरातून चिखल तुडवत सरळ गेला. दुसरा फेरा घेऊन सडकेवर आला व एसटीत बसला. मेहकर जवळ असेल तर पायी जाणारा आधी पोचेल, लांब असेल तर एसटीवाला. म्हणजे जमिनीखाली खोलवर लहरींना जोरात पळायला सडक होती! मोहोरोविचिच यांनी ओळखले, की तेथे दुसरा, जास्त घट्ट थर आहे.

वरच्या थराला भूकवच व खालच्याला प्रावरण म्हणतात. दोहोंच्या सीमेला त्यांच्या नावावरून मोहो म्हणतात. त्यांनी ती ५४ किलोमीटर खोल काढली. आज आपल्याला माहीत आहे, की भूकवच जमिनीवर सरासरी ३५ किलोमीटर व समुद्राखाली सुमारे ७ किलोमीटर जाड असते. प्रावरण मात्र २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत आहे. त्याच्या दगडात लोह व मॅग्नेशियम जास्त, म्हणून तो जड. मला वाटायचे, खाली सगळा पातळ लाव्हाच आहे. तसे नाही. प्रावरण अतिशय तापलेले असले तरी बहुतेक घट्टच आहे. रशियात माणसाने १२ किलोमीटरच्या वर खोल भोक पाडले, तरी ते भूकवचातच राहिले.

भूकंपात घरे कशी टिकतील, याचाही अभ्यास मोहोरोविचिच यांनी केला. आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला पहाटे भूकंप झाला. दगडमातीची जड घरे पडून झोपेतच हजारो माणसे गेली. आमचे घरही दगडमातीचे आहे. हे ऐकल्यापासून मी आबांच्या मागे लागलो आहे, की भिंती पक्क्या करून घ्या. पीक आल्यावर बघू, असे ते म्हणाले आहेत.

१८ डिसेंबर १९३६ रोजी मोहोरोविचिच वारले. आपल्या लोणारला जसे विवर आहे, तशा चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिले आहे.

माझी आई बाजारात मडके फोडून बघत नाही, वाजवून घेते. मोहोरोविचिच यांनीही भूकंपाचा आवाज नीट ऐकून पृथ्वीचे पोट ओळखले. मित्रांनो, आपणही असेच कान देऊन ऐकू या व प्रश्न विचारू या.