शिरोड्याच्या मास्तरांची पटकथेची शाळा

नांदगाव : वि. स. खांडेकर म्हटले की वाचकांना ‘ययाति’ आठवते आणि पाठोपाठ ज्ञानपीठ. नांदगावहून महामार्गाने सावंतवाडी आणि पुढे शिरोडे गाठले, की त्यांची दुसरी ओळख भेटते, ती शाळामास्तरांची. तिसरी ओळख पटकथाकाराची. तिच्याबद्दल जिल्ह्यात फारसे बोलले जात नाही.

११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव गणेश. दत्तक गेल्यावर तो विष्णू सखाराम झाला आणि सांगलीचा मुलगा सावंतवाडी परिसराशी कायमचा जोडला गेला. फर्ग्युसनमधील शिक्षण अर्धवट सुटले. १९२० मध्ये ते शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि तेथेच १८ वर्षे राहिले. तुटपुंजे वेतन, नाजूक प्रकृती, अधू दृष्टी आणि फावल्या वेळेत लेखन, असा तो काळ होता. ‘हृदयाची हाक’, ‘कांचनमृग’, ‘उल्का’ या कादंबऱ्या याच गावात लिहिल्या गेल्या.

१९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्सची स्थापना केली. पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी शिरोड्याच्या या मास्तरांना गाठले. मराठी बोलपट तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. पटकथा शिकविणारी संस्था नव्हती. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली ती १९६० मध्ये. जे काही शिकायचे ते लिहूनच, आणि चुकले तर पैसा निर्मात्याचा!

खांडेकरांपुढची अडचण निराळीच होती. त्यांची लेखणी रमायची ती उपमा-रूपकांत आणि पात्रांच्या मनातील घालमेलीत. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. कादंबरीत पानभर चालणारा विचार पडद्यावर एका कृतीत, एका नजरेत किंवा दोन वाक्यांच्या संवादात मांडावा लागतो. ‘छाया’ लिहिताना त्यांना हे सारे नव्याने करावे लागले. विनायक आणि लीला चिटणीस यांचा हा चित्रपट गाजला आणि कथेला गोहर सुवर्णपदक मिळाले.

पहिल्याच परीक्षेत पहिला नंबर आला, तरी दुसरी परीक्षा कठीण गेली. ‘ज्वाला’ (१९३८) हा मराठी व हिंदीत निघालेला, चंद्रमोहन यांची भूमिका असलेला खर्चिक चित्रपट साफ कोसळला आणि हंसची आर्थिक घडी विस्कटली. याच वर्षी खांडेकरांनी शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापूर गाठले होते. बांधलेली नोकरी गेली होती आणि नव्या धंद्यातले अपयश ताजे होते. संसारी माणसाने हा धोका पत्करणे सोपे नव्हते.

पुढच्याच वर्षी ‘देवता’ आणि ‘सुखाचा शोध’ आले. भव्य देखावे मागे पडले. घर, नाती आणि त्यागाची किंमत हे त्यांच्या हातचे विषय परतले. ‘ज्वाला’ने शिकविलेला धडा तो हाच असावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. ‘अमृत’ (१९४१) नवयुगसाठी लिहिला गेला.

या काळाची किंमत साहित्याने मोजली का? ‘क्रौंचवध’ (१९४२) नंतर जवळजवळ एक तप त्यांची नवी कादंबरी आली नाही. सारा दोष चित्रपटांवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण प्रकृतीही साथ देत नव्हती. मात्र योगायोग आणि नाट्यमय वळणांची त्यांची आवड पडद्याने आणखी पोसली, हे नाकारता येत नाही. १९४७ मध्ये विनायक यांचे निधन झाले आणि त्यांच्या चित्रपटलेखनाचा मोठा आधार गेला.

१९५९ मध्ये ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिच्यात आपापल्या मुखाने आपले मन उघड करतात; जे पडद्यावर मांडता येत नव्हते, नेमके तेच. १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अखेरच्या वर्षांत खांडेकरांची दृष्टी पूर्ण गेली होती, तरी मजकूर सांगून लिहवून घेणे सुरूच होते. १९७४ चे ज्ञानपीठ त्यांना याच काळात लाभले. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.