केंजी मियाझावा : भाताच्या गावचा कवी

आमचे घर धानाचे. पावसाने दगा दिला की घरात काय होते, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण ऊन पडले नाही म्हणूनही भात बुडते, हे मला केंजी मियाझावांच्या चरित्राने प्रथम शिकविले.

जपानच्या ईशान्येकडील इवाते प्रांतात, हानामाकी येथे, १८९६ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे दुकान गहाणवटीचे व जुन्या कपड्यांचे. त्या भागात ऐन उन्हाळ्यात ओखोत्स्कच्या समुद्राकडून 'यामासे' नावाचा थंड, दमट वारा येतो. पीक पोटरीत असताना असे काही दिवस गेले की परागकण नीट तयार होत नाहीत आणि दाणे पोचट राहतात. १९०५ व १९१३ साली असेच झाले. अशा वर्षी शेतकरी घरातल्या चीजवस्तू घेऊन दुकानाची पायरी चढत. आपले अन्न यांच्या नापिकीवर शिजते, ही टोचणी केंजींना जन्मभर राहिली असावी असे मला वाटते.

मोरिओका येथे शेतकीचे शिक्षण घेऊन १९२१ पासून ते हानामाकीच्या शेतकी शाळेत मास्तर झाले. १९२४ साली स्वखर्चाने कवितासंग्रह काढला. तो फारसा खपला नाही. १९२६ साली नोकरी सोडून ते स्वतः शेती करू लागले आणि शेतकऱ्यांना जमीन पाहून खताचा हिशेब फुकट करून देऊ लागले. थंडी सोसणारे 'रिकूऊ १३२' हे वाण लावा, असे ते सांगत. काम जोखमीचे, नत्र जास्त झाले तर थंडीत पीक अधिकच फसते, आणि मग बोल मास्तरांना! १९२८ साली त्यांनी अंथरूण धरले.

१९३२ साली त्यांची बुदोरी नावाच्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध झाली. थंडीने पीक जाऊ नये म्हणून तो ज्वालामुखी पेटवितो, त्यातील कार्बन डायऑक्साइडने हवा उबदार होते, आणि त्यात त्याचा प्राण जातो. (आज आपण त्याच वायूला भितो. २०२३ च्या कडक उन्हाळ्यात जपानी तांदळाची प्रत उतरली.)

१९३३ साली मात्र इवातेत भात उत्तम आले. २० सप्टेंबरच्या संध्याकाळी एक शेतकरी खताविषयी विचारायला आला. आजारी केंजी कपडे बदलून खाली आले व तासभर त्याच्याशी बोलत बसले. दुसऱ्या दिवशी ते वारले. वय अवघे ३७.

१९३४ च्या उन्हाळ्यात पुन्हा थंडी पडली आणि इवातेचे पीक गेले.