सखूच्या जागी कोण?

माणदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, मेंढरे आठवतात आणि माडगूळकर बंधू आठवतात. म्हसवडचा सिद्धनाथ, गोंदवल्याचे महाराज, शिंगणापूरचा शंभू महादेव ही आमची श्रद्धास्थाने. अशा उन्हाळ्या मुलखाशी मुंबईत जन्मलेल्या एका सिनेनटीचे नाते सांगू लागलो, तर कोणालाही नवल वाटेल. पण हंसा वाडकर यांचे आयुष्य वाचताना मला वारंवार आमच्याकडच्या बायाच आठवत राहिल्या. कमवायचे आपण आणि हिशेब ठेवायचा दुसऱ्याने, हे दुखणे मुंबईच्या स्टुडिओत आणि माणच्या रानात सारखेच होते.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म 1923 चा. गाण्या-बजावण्यावर जगलेल्या कलावंतिणींच्या वंशातले हे घर. वैभव पूर्वीचे होते, त्यांच्या लहानपणी मात्र ओढगस्त सुरू झाली होती. शाळेत जायच्या वयात ही मुलगी सिनेमात आली ती हौस म्हणून नव्हे, तर घरची चूल पेटती राहावी म्हणून. 1936 च्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात त्यांनी पहिल्यांदा काम केले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा होते. पुढे बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’मध्ये, 1939 साली, त्या नायिका झाल्या. सोळा वर्षांची मुलगी हिंदी पडद्यावर झळकली खरी, पण मिळालेल्या पैशांचे काय करायचे हे तिला कोणी विचारले नाही.

जगन्नाथ बंदरकर यांच्याशी लग्न झाले तेव्हाही त्या कोवळ्या वयातच होत्या. लग्नानंतर काम सोडावे, चारचौघींसारखा संसार करावा, मुलेबाळे सांभाळावीत अशी त्यांची मनापासून इच्छा होती. कलावंतिणीच्या घरातल्या मुलीला कुंकवाचे आणि उंबरठ्याचे मोल फार असते. पण ज्या नवऱ्याच्या आधाराने सिनेमा सुटायचा, त्यालाच सिनेमाचा पैसा हवा होता. कामाचे करार तोच करी, आणि कामावर गेलेल्या बायकोवर संशयही तोच घेई. आई व्हायची त्यांची ओढ होती. तिथेही पुष्कळ सोसावे लागले. एक मुलगी मात्र पदरात पडली.

या साऱ्या ताणात 1941 साली प्रभातचा ‘संत सखू’ आला. सखू आमच्या सातारा जिल्ह्यातली, कऱ्हाडची. कृष्णाकाठच्या या सासुरवाशिणीची कथा आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. कऱ्हाडहून पंढरीला जाणारी वाट आमच्याच मुलखातून जाते, त्यामुळे सखू आम्हाला वाटेवरची शेजारीण वाटते. सासूने तिला खांबाला बांधले, तेव्हा खुद्द विठ्ठल सखूचे रूप घेऊन तिच्या जागी उभा राहिला आणि ती पंढरपूरला पोचली, अशी ही कथा. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ती सखू अशी उभी केली, की लोकांच्या मनात ती घर करून राहिली. पडद्यावरच्या सखूला देव भेटला. हंसाबाईंच्या जागी मात्र कोणी उभे राहिले नाही.

सखूनंतर सहा वर्षांनी, 1947 मध्ये, राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला आणि त्यांनी अगदी वेगळे रूप घेतले. जयराम शिलेदारांच्या राम जोशींसमोर हंसाबाईंची बया उभी राहिली. चित्रपटाचे लेखन आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची. माडगुळ्याच्या मातीतून निघालेली ती लेखणी आणि हंसाबाईंची नजर यांची गाठ पडली, आणि मराठीत तमाशापटांची लाटच आली. वग, लावणी, सवाल-जवाब यांची गोडी ज्यांना उघडपणे कबूल करता येत नव्हती, ती पांढरपेशी घरेही तिकीट काढून हे चित्रपट पाहू लागली. तीन वर्षांनी, 1950 मध्ये, राजा परांजपे यांच्या ‘पुढचं पाऊल’नेही त्यांचे नाव गाजवले.

हा सगळा सिनेमा आमच्यापर्यंत पोचला तो जत्रेतल्या तंबूत. कापडी पडदा, मशीनची घरघर, खाली माती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. माझी थोरली चुलती तमाशाच्या फडाकडे चुकूनही फिरकली नसती, पण तंबूतला तमाशा ती डोळ्यांचे पाते न लववता पाहायची. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. रानातली मजुरी ती करी आणि पैसे सासऱ्याच्या कनवटीला जात. पडद्यावरच्या तमासगिरिणीला भर सभेत पाटलाला खडे बोल सुनवताना पाहून बायकांच्या बाजूला कशी शांतता पसरे, ती मला अजून आठवते.

तो चित्रपट होता अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’, 1959 सालचा. गाणी गदिमांची, पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची. म्हणजे माणदेशच्या दोन्ही भावांचा हात त्याला लागलेला. साताऱ्याच्या वाटेवर हरवलेल्या बुगडीचे गाणे जयश्री गडकरांवर चित्रित झाले आणि घराघरात गेले. हंसाबाईंनी मात्र यात पोरक्या पोरीला पोटच्या लेकीसारखी वाढवणारी तमासगिरीण रंगवली. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट 131 आठवडे चालला.

पडद्यावर अन्यायाला वाचा फोडणाऱ्या या बाईच्या आयुष्यात काय काय घडून गेले होते, हे प्रेक्षकांना माहीत नव्हते. घरच्या जाचाला कंटाळून त्या एकदा एका गृहस्थाबरोबर निघून गेल्या आणि मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाऊन पडल्या. त्या घरात आधीच्या बायका होत्या. गावोगावी जिच्या नावावर तंबू भरत, ती नटी तिथे चार भिंतींत कोंडली गेली. सुटका करून घेण्यासाठी शेवटी ज्याच्यापासून पळाल्या त्या नवऱ्यालाच बोलवावे लागले. दारूची सवय जडली ती पुढे सुटली नाही. नाव मोठे होत गेले आणि माणूस एकटा पडत गेला.

पण अखेरीला त्यांनी एक धाडस केले. आपली सगळी कहाणी त्यांनी अरुण साधूंना सांगितली. ती ‘माणूस’मध्ये आली आणि 1970 साली पुस्तकरूपाने निघाली. नाव चित्रपटाचेच, ‘सांगत्ये ऐका’. त्यात त्यांनी स्वतःला झाकले नाही आणि रडगाणेही गायले नाही. सभ्य घरांत हे पुस्तक दडवून वाचले गेले, पण वाचले गेले. वर्षभरात, 1971 च्या ऑगस्टमध्ये, पन्नाशीही न गाठता हंसाबाई गेल्या. पुढे 1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी त्या कहाणीवरून ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हंसाबाईंना काय कमी होते? रूप होते, गुण होता, पैसा तर तेराव्या वर्षापासून येत होता. नव्हता तो त्या पैशावरचा हक्क, आणि हक्क नाही म्हणून दार उघडून बाहेर पडल्यावर जायला स्वतःची जागा नाही. आमच्या म्हसवडला 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अर्जावर अंगठे आहेत म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. तरी त्या बाया हटल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या आणि परवाना घेऊन आल्या. मला वाटते, सखूच्या जागी विठ्ठल उभा राहण्याची वाट पाहण्यापेक्षा सखूच्या नावावर तिचे स्वतःचे खाते असणे हा अधिक भरवशाचा चमत्कार आहे. आपल्या घरातली लेक-सून कमावते, याचा आपल्याला अभिमान असतो. तिच्या कमाईचा हिशेब कोणाच्या हाती आहे, एवढे एकदा तिला विचारून पाहावे; आणि ती सांगेल ते नीट ऐकून घ्यावे.